एक वाजून दहा मिनिटांची नोंद

सदानंद खातूने ड्रम ज्योतीवरून उचलला, खिडकीच्या उजेडात एकदा फिरवून दाखवला, आणि नाना म्हणाले, "वा."

एवढंच. पण ते "वा" सरळ माझ्या पोटात जाऊन बसलं. अकरा वर्षं मी त्याच रॉकेलच्या दिव्यावर, त्याच नाना पोतनिसांसमोर रोज सकाळी साडेआठला कागद काजळत आलो होतो, आणि अकरा वर्षांत मला त्यांच्याकडून मिळालं होतं ते जास्तीत जास्त "हं." त्या "हं"वर मी आठ-आठ दिवस काढत असे. आणि हा चिपळूणचा पोरगा, येऊन चार महिने झालेला, नखांत अजून काजळीही न बसलेला, तो "वा" घेऊन मोकळा झाला.

सत्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या सुमाराची ही गोष्ट. धरणामागच्या डोंगरात वाघजाईवाडी म्हणून गाव आहे, त्याच्या वरच्या टेकाडावर आमचं भूकंप मोजायचं केंद्र होतं. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपानंतर नानांनीच ते उभं केलं. आता यंत्रं स्वतःच लिहितात आणि स्वतःच पुण्याला कळवतात. तेव्हा गुळगुळीत पांढरा कागद ड्रमवर गुंडाळायचा, धुराच्या ज्योतीवर फिरवत फिरवत एकसारखा काळा करायचा, ड्रम यंत्रावर चढवायचा आणि त्यावर केसाएवढी बारीक सुई टेकवायची. ड्रम फिरत राही, सुई काजळी खरवडत पांढरी रेघ काढत राही, आणि घड्याळाला जोडलेली खूण दर मिनिटाला रेघेवर उमटे. जमीन हलली की रेघ हलली. चोवीस तासांनी कागद उतरवून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवला की काजळी पक्की होई. त्याआधी कागदाला बोट लागलं, तर ते बोटही कायमचं पक्कं होई.

यंत्राखालचा चौथरा थेट खडकावर बांधलेला होता, खोलीच्या फरशीला कुठेही न टेकता. त्या खोलीत विनाकारण पाऊल टाकायचं नाही, हा नानांचा पहिला नियम. माणूस नुसता चालला तरी तो रेघेवर उमटतो. सकाळी साडेआठला कागद बदलायला आत जायचं, तेही चपला बाहेर काढून. मग दिवसभर दाराला कडी.

या सगळ्यात मानाचं काम एकच, सुई टेकवण्याचं. जरा दाबली तर कागद फाटतो, जरा अधांतरी राहिली तर अख्खा दिवस कोरा जातो. वीस वर्षं ते नानांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे केंद्र कोणाकडे जायचं हे त्यांच्या शिफारशीवर ठरणार होतं, आणि ज्याच्या हाती ते सुई देतील त्याचीच शिफारस होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी तर मनातल्या मनात नानांच्या खुर्चीवर नवी गादीसुद्धा घालून टाकली होती.

दिवाळीनंतरच्या सोमवारी नाना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "खातू, आजपासून सुई तू टेकव. कागद वाचून नोंदी करायचं कामही तूच बघ. मुरली, तू काजळी, लाख आणि घड्याळ सांभाळ."

म्हणजे जे माझ्याकडे होतं तेही गेलं. नोंदी इतकी वर्षं मी करत होतो. मी "बरं" म्हणालो. खातूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती खाली घातलेली मानही मला खोटी वाटली.

दुपारी एकला मी टेकाडाखाली हौसाबाईकडे जेवायला जायचो. तिची झोपडीवजा खानावळ होती, आणि आम्हा तिघांचं जेवण वर्षानुवर्षं तिच्याकडेच. मी जेवून पावणेदोनला वर आलो की खातू खाली जायचा. नाना पूर्वी माझ्याबरोबर येत. त्या दिवशी ते आले नाहीत.

"नानांचा डबा वर धाडायचा म्हनत्यात आता," हौसाबाई म्हणाली. "आन आमटी नगं, ताक नगं. नुसती भाकरी न् कोरडी चटणी. काय झालंय वो त्यास्नी?"

मी म्हटलं, साहेब लोकांची लहर. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच चाललं होतं की वर आता ते दोघंच आहेत, आणि एकत्र बसून गप्पा मारत असतील.

नोव्हेंबरात एका सकाळी चांगला जाणवण्यासारखा धक्का बसला. भूकंपाचे धक्के दोन येतात. पहिला खालून ठोकल्यासारखा, दुसरा आडवा झुलवणारा. दोन्ही एकाच ठिकाणाहून एकाच क्षणी निघालेले, पण दुसरा सावकाश चालणारा. मधले सेकंद मोजायचे आणि आठाने गुणायचे, की तेवढे किलोमीटर लांबून तो आला. मी नवा असताना नानांनी हे मला पायरीवर बसून शिकवलं होतं. "उशिरावरून अंतर कळतं," असं ते म्हणत. तेव्हापासून आमचा एक खेळ होता. धक्का बसला की ते विचारायचे, "मुरली, किती लांब?" मी आकडा सांगायचा, आणि मगच कागद बघायचा.

त्या दिवशी पत्रे खडखडले, नानांनी विचारलं, "किती लांब?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खातूकडे बघितलं.

मी म्हटलं, वीस. खातू जरा थांबून म्हणाला, "बारा असेल." कागदावर बारा निघाले. साडेबारासुद्धा नाहीत.

गावातली पाच-दहा माणसं रिवाजाप्रमाणे वर आली होती, किती होता ते विचारायला. एक म्हातारबाबा नेहमीसारखे कावले होते, ही जमीन एकदाची निवांत कधी बसणार म्हणून. नानांनी त्यांना समजावून सांगितलं की ती कधीच बसायची नाही. आपला हा सगळा देश, डोंगर, धरण, शेतं, गुरंढोरं घेऊन उत्तरेकडे सरकतोय, नखं वाढतात साधारण त्या वेगाने. कळत नाही, पण थांबतही नाही. म्हातारबाबा आपली नखं निरखत टेकाड उतरले. सगळे हसले, मी सोडून. त्या बारा किलोमीटरांनी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

त्यानंतर मी खातूला पाण्यात पाहू लागलो. त्याचं हळू बोलणं, अंघोळीनंतरचं खोबरेल तेल, घरून आलेले कुळथाचे लाडू वाटताना नानांचे मात्र हातात न देता त्यांच्या टेबलावर ठेवणं, सगळं मला सलायचं. नानांना तो हल्ली कागदपत्रंसुद्धा वाचून दाखवायचा आणि त्यांच्यासाठी लिहूनही द्यायचा. मी मनात म्हणायचो, लोचट. आणि तो खरंच लोचट असता तर मला फार बरं वाटलं असतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला लाखेत बुडवताना एका कागदावर मला ती नोंद दिसली. दुपारी एक वाजून दहा मिनिटांवर रेघ जेमतेम मिनिटभर थरथरलेली. भूकंपासारखी नाही, पहिला धक्का नाही, दुसरा नाही. शिवणयंत्राने टाके घालावेत तशी बारीक, एकसारखी. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर तीच, तिसऱ्या दिवशीही, एक वाजून दहा मिनिटांनीच.

मी खातूला विचारलं, हे काय. त्याने नोंदवही पुढे ओढली, त्यात "वारा" असं लिहिलेलं होतं.

"बंद खोलीत वारा?" मी म्हटलं.

"फटीतून येत असेल, मुरलीधरराव," तो म्हणाला, आणि वही मिटली.

त्या क्षणी मला काय आनंद झाला म्हणून सांगू. हा सापडला होता. एक वाजता मी खाली जातो, नाना आपल्या खोलीत डबा खातात, आणि हा गडी कडी काढून यंत्राच्या खोलीत जातो. कशाला जातो ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. जातो, एवढं पुरे होतं. स्वतः जाऊन बघावं, नानांना सांगावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण नानांनी त्याला समज देऊन सोडून दिलं असतं, आणि ते मला नको होतं. जानेवारीअखेर पुण्याहून रिसबूडसाहेब तपासणीला येणार होते. मला तिसरा माणूस हवा होता.

मी कपाटातून जुने कागद एकेक करून काढू लागलो. नोंद थेट दिवाळीपासूनची निघाली. सुरुवातीला जेमतेम अर्धा मिलिमीटर, मग एक, आणि जानेवारीत दीडच्या वर. चोर सोकावला, असं मी स्वतःशी म्हणालो. दिवाळीपासून ज्याच्या हाती सुई, त्याच्याच पावलांची नोंद. सगळं कसं तंतोतंत जुळत होतं. संक्रांतीला दोन दिवस खातू सकाळी सुई टेकवून चिपळूणला जायचा तो रात्रीच परतायचा. त्या दोन दिवसांचे कागद तेवढे काढायचे राहिले. राहिले म्हणजे, मी काढले नाहीत.

रिसबूडसाहेब जाड भिंगाचा चष्मा लावणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी घड्याळ तपासलं, लाखेची बरणी हुंगली, नोंदवही चाळली. नाना हात पाठीशी बांधून भिंतीजवळ उभे होते, खातू दाराशी. साहेब उठायच्या बेतात आले तसे मी माझे अठ्ठावीस कागद त्यांच्यापुढे टेबलावर पसरले.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते पंधरा दिवस पाठ केलं होतं. ही नोंद भूकंपाची नाही, वाऱ्याची नाही. रोज दुपारी ठरावीक वेळी कोणीतरी यंत्राच्या खोलीत जातं, आणि नोंदवहीत खोटं लिहिलं जातं. दिवाळीपासून नोंदवही कोणाकडे आहे ते साहेबांनी बघावं.

साहेबांनी बॅगेतून भिंग काढून पाच-सहा कागद पाहिले. मग विचारलं, "हे तुम्ही नानांना आधी का नाही सांगितलंत?"

"त्यांना त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

साहेब नानांकडे वळले. नानांचा चेहरा काजळी धुतलेल्या कागदासारखा झाला होता. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मी मनात म्हटलं, बघा, बघा तुमचा लाडका.

"मी जात होतो, साहेब," खातू दारातून म्हणाला.

"कशाला?"

"आत गार असतं. बसायचो घटकाभर."

जानेवारीचा महिना, डोंगरातली थंडी, आम्ही सगळे स्वेटर घालून उभे. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण कबुली दिलेल्या माणसाला आणखी काय विचारणार? त्यांनी कागदांची गुंडाळी केली आणि बॅगेत घातली. आठवडा व्हायच्या आत खातूच्या बदलीचा हुकूम आला. केंद्राचं काम काढून घेतलं होतं, पुण्याच्या कचेरीत टपालाच्या टेबलावर बसायचं होतं. नानांनी त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी एक शब्द काढला नाही. मी स्वतःला समजावलं की लाजले असतील, माणूस ओळखता आला नाही म्हणून.

खातूची ट्रंक एसटीपर्यंत न्यायला मदत म्हणून मीच गेलो. जिंकलेल्या माणसाला औदार्य परवडतं. थांब्यावर तो म्हणाला, "सुई टेकवताना श्वास रोखू नका, मुरलीधरराव. आधी सोडा, मग टेकवा." मी हसलो. गाडी दिसू लागली तेव्हा तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "ती दुपारची नोंद मी वारा म्हणून घालत होतो. तशीच घालत जा."

केवढा हा निगरगट्टपणा, असं मनात म्हणत मी ट्रंक गाडीवर चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, "सुई तू टेकव." मी श्वास रोखला, सुई उडाली. मग आठवलं. श्वास सोडला, आणि ती अशी अलगद बसली की मलाच कळलं नाही. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "हं." अकरा वर्षं जे मागत होतो ते माझ्या हातात होतं. दुपारी हौसाबाईकडे मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी कागद उतरवला आणि लाखेच्या ताटात बुडवला. काजळी ओली होऊन चमकू लागली, आणि रेघा वर आल्या. एक वाजून दहा मिनिटांवर टाके होते. बारीक, एकसारखे, जवळजवळ दोन मिलिमीटरचे. खातू तेव्हा पुण्यात टपालाचे शिक्के मारत होता.

मी ताट टेबलावर ठेवलं. पावलांची नोंद अशी नसतेच. पावलं सुटी सुटी उमटतात. जवळ येताना मोठी, लांब जाताना लहान. हे खातूला मीच शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात, मोठ्या तोऱ्यात. अकरा वर्षांचा माझा डोळा, आणि त्याला दोन महिने रोज दिसूनही दिसलं नव्हतं. मग मी कपाट उघडलं आणि संक्रांतीचे ते दोन कागद काढले. दोन्हींवर टाके होते.

त्या दुपारी मी एकला टेकाड उतरायला लागलो आणि करवंदीच्या जाळीपासून मागे फिरलो. यंत्राच्या खोलीची कडी निघालेली होती. दाराबाहेर नानांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. रेघेला कळू न देता त्या खोलीत चालणं फक्त त्यांनाच जमायचं.

आत नाना चौथऱ्यापाशी गुडघ्यावर बसले होते. उजवा पंजा सिमेंटवर पालथा ठेवला होता, डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे नजर होती, आणि ते ओठातल्या ओठात सेकंद मोजत होते. तो पंजा थरथरत होता. थंडीने कापतो तसा नाही. शांतपणे, एकसारखा, कोणाला न विचारता.

साठपर्यंत मोजून झाल्यावरच त्यांनी मान वर केली. मी तिथे आहे हे त्यांना कळलेलं होतं. माझी पावलं त्यांना न कळायला ते काही मी नव्हतो.

"कराडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात," ते म्हणाले. "उपयोग होतोय की नाही, बघायला नको? माझ्याकडे दुसरं यंत्र कुठलं?"

मी फरशीवरच बसलो. नियम मोडून आम्ही दोघंही त्या खोलीत बसलो होतो, आणि मागे ड्रम आमची नोंद घेत फिरत होता.

नाना सांगत गेले. दिवाळीच्या आधी एका सकाळी सुई टेकवताना कागद फाटला. मी बाहेर लाखेपाशी होतो, खातू शेजारी होता. त्याने काही न बोलता दुसरा कागद काजळून आणला. नोंदवही हाती आल्यापासून रोज सकाळी तो आदल्या दिवशीची थरथर मोजून त्यांना आकडा सांगायचा आणि वहीत वारा लिहायचा. सदऱ्याची बटणंही तोच लावून द्यायचा.

"खातूला सांगितलंत," मी म्हणालो. "मी अकरा वर्षं इथे आहे, नाना. मला नाही सांगितलंत."

"सांगितलं नाही त्याला. त्याला दिसलं." नानांनी उजवा हात डाव्या हाताने धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. "त्याने पाहिलं तरी चालत होतं, मुरली. तो आज आहे, उद्या नाही. तू पाहू नयेस असं वाटत होतं. म्हणून तर सुई तुझ्यासमोरून काढली, नोंदवही काढली. इथून जाताना मी तुझ्या लेखी धड हातानेच जावं, एवढीच हौस होती."

बाहेर हौसाबाईचा आवाज आला. नानांचा डबा घेऊन ती पायरीपर्यंत आली होती. आम्ही दोघंही हललो नाही, आणि ती डबा ठेवून निघून गेली.

"त्या दिवशी साहेबांसमोर मी बोलायला हवं होतं," नाना म्हणाले. "तोंड उघडलंच नाही माझं. तू समोर उभा होतास."

संध्याकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. रिसबूडसाहेबांना पत्र, नानांच्या नावाने. खातू निर्दोष आहे, नोंद माझ्या हाताची आहे, तो मला सांभाळून घेत होता, त्याला परत पाठवावं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. सही त्यांनी केली, आणि ती करायला त्यांना तीन मिनिटं लागली. तारीख तीन फेब्रुवारी. "उद्याच्या टपालात टाक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र घेऊन थांब्यावरच्या पेटीपाशी गेलो. पेटीच्या तोंडात अर्धं घातलंसुद्धा. मग माझ्या मनात आलं की हे पत्र पोचलं की खातू परत येणार. सुई परत त्याच्याकडे, आणि मार्चमध्ये खुर्चीही त्याच्याकडेच. मला सगळं कळून चुकलं होतं. खोलीत बसून मी रडलोही होतो. तरीही मी पत्र बाहेर काढलं आणि खिशात घातलं. खिशातून ते टेबलाच्या खणात गेलं. नानांनी दोनदा विचारलं, उत्तर आलं का. मी दोनदा म्हणालो, सरकारी काम आहे, वेळ लागायचाच.

वीस मार्चला माझ्या नावाचा हुकूम आला. एकतीसला नाना निवृत्त होऊन साताऱ्याला मुलीकडे राहायला गेले. एक एप्रिलला मी पत्र टाकलं.

मे महिन्यात मी त्यांना भेटायला साताऱ्याला गेलो, हापूसची करंडी घेऊन. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हात आता लपवत नव्हते. मांडीवर तो आपला चालू होता. रिसबूडसाहेबांच्या उत्तराची एक प्रत त्यांना आलेली होती, ती त्यांनी मला वाचायला दिली. खातूवरचा ठपका काढून टाकला होता. परत वाघजाईवाडीला जाण्याबद्दल विचारलं असता त्यानेच नको म्हटलं होतं. पत्राची पहिली ओळ अशी होती: आपले तीन फेब्रुवारीचे पत्र दोन एप्रिल रोजी मिळाले.

मी कागद घडी करून परत दिला. नाना रस्त्याकडे बघत होते.

"टाकलंस कधी?"

"एक एप्रिलला."

"अठ्ठावन्न दिवस," ते म्हणाले. त्यांनी ते आधीच मोजून ठेवलेलं असणार. "बराच लांबून आलास रे, मुरली."

मुलीने चहा आणला, माझ्या हातात कप दिला आणि नानांचा कप ती स्वतः त्यांच्या तोंडाशी धरून उभी राहिली. तो घेऊन झाल्यावर ते जरा सैलावले आणि इकडचं तिकडचं बोलू लागले. बोलता बोलता म्हणाले की खातू महिन्यातून एका रविवारी पुण्याहून येतो. गप्पा मारतो, पेपर वाचून दाखवतो, जाताना त्यांची नखं कापून देतो. मुलीला भीती वाटते, हात हलतो म्हणून. खातूला बरोबर जमतं.

आणि तिथे बसल्या बसल्या, सगळं समजून, सगळं कबूल करून झाल्यावरही, माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. दसऱ्याला दुखलं होतं तितकंच, रतीभरही कमी नाही.

जूनमध्ये मी पुन्हा गेलो. कराडच्या बाजारातून चांगलं भारीतलं नेलकटर घेतलं होतं, ते शर्टाच्या खिशात होतं. आदले चार दिवस मी केंद्रावर श्वास सोडून हात स्थिर ठेवायचा सराव करत होतो. ओट्यावर जाऊन बसलो, नेलकटर बाहेर काढलं, नानांचा हात माझ्या हातात घेतला. तो माझ्या मुठीतही तसाच थरथरत राहिला. मी बोटं उघडून बघितली.

नखं कापलेली होती. पाचच्या पाच, गोल, स्वच्छ. खातू आदल्याच दिवशी येऊन गेला होता.

नानांनी माझ्या दुसऱ्या हातातल्या नेलकटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"थांब थोडा," ते म्हणाले. "वाढतील."